पहिले तीन सेकंद मी मेलेला

९ ऑगस्ट
पल्लवीने, माझ्या नातीने, गादमाशीची, धानावरच्या किडीची, रील टाकली होती. धानाच्या बुंध्यातून कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा निघाला की काय समजायचं, ते मी बांधीत उभा राहून नीट सांगितलं. पाहणारे मोजके, तेही घरचेच. पोरगी म्हणते, "आबा, तुमचं सुरूच होत नाही. सर्वांना जय भीम, मी अमुक, मुक्काम अमुक... तेवढ्यात माणूस पुढं निघून जाते. तीन सेकंदात त्याचा अंगठा थांबला पाहिजे."
म्हटलं, दारात आलेला माणूस आधी जय भीम करतो की अंगावर धावून जातो? अर्धा तास चिखलात उभा होतो मी. चिडलो.

११ ऑगस्ट
नवी युक्ती. मला पडवीत खाटेवर निजवलं, पांढरं धोतर डोक्यापर्यंत, उशाशी उदबत्ती. "हलू नका आबा. मी तीन म्हटलं की उठा अन् पोंगा दाखवा." पोरीचा उत्साह पाहून निजलो. नाक खाजत होतं. कमला चुलीपासून ओरडली, "काय अभद्र लावलं हे दोघांनी?" मी बायकोलाच गप्प केलं.

१२ ऑगस्ट
दु. दोनला दादा आला. बिरसीहून. अठरा वर्षांनी.
बाबा गेला तेव्हा त्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका मीच लिहिली होती, आणि थोरल्याचं नाव धाकट्याच्या खाली छापलं गेलं. तेव्हापासून जाणं-येणं बंद.
पांढरा सदरा. काखेत नवं पांढरं कापड, मयताच्या अंगावर घालतात ते. फाटकापासूनच रडत आला. "लहान्या रे, मले टाकून गेलास रे..." मी बोरिंगवर पाय धुऊन राहिलो होतो. म्हटलं, "दादा?"
थिजला. त्याच्या सुनेने मोबाईलवर आमची रील दाखवली होती त्याला. खाट, उदबत्ती, रडकं संगीत. पुढचं पाहायला तो थांबलाच नाही. आमच्यात मयतीची खबर आली की माणूस ताटावरून उठतो आणि मिळेल ती गाडी धरतो. खरं का खोटं विचारत बसणं हलकं समजतात. काय चुकलं त्याचं?
"जिता हायेस?" एवढंच बोलला. कमलाने पाणी दिलं, घेतलं नाही. कापड काखेत मारून आल्या पावली फिरला. मागे धावलो तर हात झटकला.

१३ ऑगस्ट
सकाळपासून डोकं तापलेलं. पल्लवीला नको ते बोललो. ती म्हणते, "पण आबा, लोकं पोंगा पाहून राहिले ना. फवारणी कधी करावं, विचारून राहिले." म्हणजे जिवंत माणूस सांगतो ते ऐकायला आधी त्याचं मढं दाखवायचं. असं असेल तर जाऊ दे धान गादमाशीला.
काढून टाक म्हटलं. काढली. रडली खूप. पण दुसऱ्या कोणी ती उचलून स्वतःच्या खात्यावर टाकलीय. त्यात पोंगा कापला, नुसता मी निजलेलो. ती कोण काढणार?
राग कोणावर काढू. निजलो तर मीच. कमला सांगत होती.
संध्याकाळी पल्लवी जेवली नाही. तिच्या ताटात आंबील मीच वाढली.

१६ ऑगस्ट
बिरसीला गेलो. पल्लवी येतो म्हणत होती, नको म्हटलं. दादा ओसरीत बसलेला.
"काऊन आलास?"
"माफी मागाले."
"कायची? पत्रिकेची का याची?"
"दोन्हीची."
"पत्रिकेचं मी यष्टीत बसलो तेव्हाच सोडलो होतो. लहान्या गेला, आता कायचा राग, म्हटलं. साऱ्या गाडीसमोर रडलो मी. अनोळखी बाई पाणी पाजून राहिली होती मले. ते रडणं वापस कसं देशील, सांग."
मी ओसरीच्या कडेला टेकलो.
"तू जिता, तं रागही जिता," म्हणाला.
सुनेने दोन चहा आणले. माझा त्याने परत पाठवला. तेव्हा मीही सटकलो. अठरा वर्षं मी काय इकडे गुलाल उधळत होतो? म्हटलं, "मेल्यावर येतेस, मी जिता होतो तवा काऊन नाही आलास?"
बोलून गेलो. त्याचा चेहरा...
उठून आलो. मिळेल त्या गाडीने आमच्या गोरेगावच्या स्टँडवर उतरलो.

१८ ऑगस्ट
निंदण. राग अंगातच. बरोबर तेच बोललो होतो, असं सकाळी वाटतं. दुपारी वाटत नाही.

२१ ऑगस्ट
दु. चारच्या सुमारास फोन. दादाच्या सुनेचा नंबर. "हॅलो" म्हटलं. कोणी बोलेना. मग खोकला ऐकला. बाबाही असाच खोकायचा.
पहिला शब्द चुकला तर ठेवून देईल, म्हणून मी शब्द शोधत राहिलो. तोही तिकडे शोधत असेल. किंवा मी श्वास घेतो का, तेवढंच ऐकत असेल.
कमला म्हणे, बोला ना कायतरी. मी हातानेच थांब म्हटलं.
मग फोन कटला. त्याने कापला की इकडची रेंज गेली, कळलं नाही. उलट फोन लावलेला नाही अजून.