चंपाबाईंचा पेला परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. स्वच्छता अधिकारी,
विभागीय कार्यालय, इंदूर.

विषय : 'शून्य कचरा दौड'मध्ये कचरा समजून नेलेले महिला मंडळाचे स्टीलचे पेले पुतळ्यातून सोडवून मिळण्याबाबत.

संदर्भ : दौड समितीस दिलेला हिंदी अर्ज व त्यावर आलेले उत्तर, "सुझाव के लिए धन्यवाद."

महोदय,

अर्जदार पंचशीला तायडे, परदेशीपुऱ्यातील महिला मंडळाची सचिव, आपल्यापुढे गाऱ्हाणे मांडते ते येणेप्रमाणे. आपण मराठी आहात असे कळले, म्हणून हा अर्ज मराठीत केला आहे. हिंदीत सांगून झाले, त्याचे काय झाले ते वर संदर्भात आहेच.

१. दौड समितीचे यशवर्धनजी पलासियासारख्या श्रीमंत भागातल्या ऑफिसातून स्वतः वस्तीत आले. यंदा प्लास्टिक नाही, कागदी कप नाहीत, धावणाऱ्यांच्या पाण्याला वस्तीने साथ द्यावी, असे म्हणाले. मंडळाला आनंद झाला, खोटे कशाला सांगावे. आजवर दौड वस्तीवरून नाक दाबून जायची. बायकांनी मंडळाचे शंभरेक पेले घासूनपुसून टेबलावर मांडले आणि माठ भरून ठेवले.

२. हे पेले कसे आले तेही आपणांस ठाऊक असावे. अर्जदाराचे सासरे दगडू तायडे कापड मिलमध्ये होते. मिलबाहेरच्या टपरीवर इतरांना पेला मिळायचा. त्यांनी ओंजळ धरायची आणि टपरीवाल्याने हात उंच करून वरून पाणी ओतायचे. सासूबाई चंपाबाई एकदा डबा द्यायला गेल्या आणि त्यांनी ते पाहिले. त्यानंतर बायका गोळा करून त्यांनी वस्तीसाठी पेले जमवले. येईल त्याला भरलेला पेला हातात द्यायचा, कोण कुठला ते विचारायचे नाही, हा त्यांचा दंडक. पहिल्या पेल्यावर त्यांचे नाव घातलेले आहे. लग्न असो की मयत, वस्तीत पाणी याच पेल्यांतून दिले जाते.

३. पुढचे सांगायलाही शिसारी येते, पण सांगणे भाग आहे. धावणारे आले, पाणी प्याले आणि पेले रस्त्यावर भिरकावून पुढे गेले. कागदी कप फेकायची सवय, हातात स्टील आहे हेही कळले नाही. एकाने चूळ भरून पेल्यात थुंकली आणि मग पेला गटारात टाकला. दुसऱ्याने अर्धे चावलेले केळे त्यात कोंबले. प्रत्येकाच्या छातीवर लिहिले होते, "धरती हमारी माँ है." आईच्या अंगावर कोणी असे थुंकते का?

४. मागोमाग समितीचे सफाई पथक पोती घेऊन आले आणि पेले पोत्यात भरू लागले. बायका साड्या खोचून, "रुको भिया, बर्तन है हमारे," असे ओरडत पोत्यांमागे धावल्या. पथकाला वाटले, वस्तीत केवढा उत्साह! त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि व्हिडिओ काढला. गाडी निघून गेली.

५. पुढल्या आठवड्यात मंडळाला प्रशस्तिपत्र आले. आमची वस्ती 'सर्वाधिक पुनर्वापरयोग्य कचरा देणारी वस्ती' ठरली आहे. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पेला आणि कचरा यांतला फरक कोण सांगणार?

६. त्या पेल्यांच्या तळाला भोके पाडून, नटबोल्टने जोडून समितीने धावणाऱ्या माणसाचा पुतळा केला आहे. अर्जदार जाऊन पाहून आली. पुतळ्याच्या डाव्या गुडघ्यावर 'चंपाबाई दगडू तायडे' असे स्वच्छ वाचता येते. अर्जदाराने ते दाखवले, तर यशवर्धनजी म्हणाले, "आंटीजी, आपकी सास तो अमर हो गईं." सासूबाईंना अमर करायला त्यांच्या पेल्याला भोक पाडायची काही गरज नव्हती.

७. येत्या रविवारी आपल्या हस्ते पुतळ्याचे अनावरण आहे. एकदा फीत कापली की पुतळा शहराचा झाला, मग आमचे कोण ऐकणार? तरी त्याआधी पेले काढून मिळावेत. सगळे जमत नसतील तर निदान गुडघा द्यावा. भोक आम्ही बुजवून घेऊ, घासायचेही आम्हीच घासू. पुतळा लंगडा झाला तर होऊ द्यावा.

८. समितीने पुढल्या वर्षीही वस्तीची साथ मागितली आहे. ती आम्ही देऊ. तहानलेल्याला नाही म्हणायचे चंपाबाईंनी शिकवलेले नाही. मात्र पेला कोणाच्याही हातात दिला जाणार नाही. धावणाऱ्यांनी थांबावे, ओंजळ धरावी. पाणी आम्ही वरून ओतू.

रविवारच्या आत उत्तर यावे, एवढ्याच आशेवर,

आपली नम्र,
पंचशीला तायडे
सचिव, महिला मंडळ, परदेशीपुरा
दिनांक : १९ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. पुतळ्याच्या डाव्या गुडघ्याचा फोटो.
२. प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. हे परत पाठवू नये.