आपल्या पायांच्या मापाची गाडी

प्रिय दिनू,

आज दुपारी घरी आले तेव्हा माझ्या कानांत, भुवयांत आणि बांगड्यांच्या आतल्या बाजूला लाल मुरुमाची धूळ होती. आरशात पाहिलं, तर क्षणभर तूच समोर उभा आहेस असं वाटलं. आंघोळ केली, चहा घेतला आणि लिहायला बसले. कारण सरळ आहे. आज मी तुझी गाडी चालवली. त्यानंतर जे प्रश्न डोक्यात आले, त्यांची उत्तरं ना बबनरावांकडे आहेत, ना सिद्धार्थकडे. ती तुझ्याकडेच आहेत. तू गेलास म्हणून मी विचारायचं थांबेन, असं वाटलं होतं का तुला?

रडगाणं लिहिणार नाही. तू झोपेत गेलास, कुणाला त्रास दिला नाहीस, हे मी वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत आले. आता मला दुसरंच काही जाणून घ्यायचं आहे.

तू माझ्या खालच्याच मजल्यावर राहायचास. दर रविवारी सकाळी स्वच्छ शर्ट घालून जायचास आणि दुपारी चिखलाचा पुतळा होऊन जिन्यात उभा राहायचास. "अरे, मडगार्ड नावाची वस्तू असते. ती लाव त्या गाडीला!" असं मी किती वेळा म्हटलं? तू हसायचास आणि म्हणायचास, "ताई, चाक दिसायला पाहिजे." चाक दिसून काय करायचंय? चाक काय पळून जाणार आहे? मी असं विचारलं की तू चपला झटकत घरात. हे काय उत्तर झालं का?

गेल्या आठवड्यात बबनरावांचा फोन आला. मोशीचे तुझे बबनराव, ज्यांच्या गोठ्यात तुम्ही सगळे मिळून गाड्या जोडायचात.

"ताई, एक बोलायचं व्हतं. गाडीचं काय करायचं?"

"कोणती गाडी?"

"दिनूभाऊची ओ. वरीस झालं, ताडपत्री घालून ठेवलीया. कुणाचा हात व्हईना. दसऱ्याला तेवढा हार घातला."

मग त्यांनी सांगितलं, की हायवेला हॉटेल काढणारा एक जण तुझी गाडी मागतो आहे. दारात शोभेला ठेवणार. लोक फोटो काढतील. सीटमध्ये फुलझाडांच्या कुंड्या ठेवायचा त्याचा विचार आहे.

"कुंड्या?"

"व्हय. जर्मेनियम का कायसं म्हणला."

खरं सांगू? ऐकल्याबरोबर मला ते तितकंसं वाईट वाटलं नाही. कुंड्या तर कुंड्या, पण गाडी तू सोडून गेलास तशीच राहील, तिला कुणाचा ओरखडा लागणार नाही. पण न बघता मी कशालाच हो म्हणत नाही, हे तुला माहीत आहे. म्हटलं, उद्या येते.

बबनरावांच्या शेताला आता तिन्ही बाजूंनी इमारती खेटल्या आहेत. वरच्या बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत असतात आणि खाली तुमचा तो गोठा! गव्हाणीत पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडलेले, म्हशींच्या खुंट्यांना हेल्मेटं टांगलेली. ताडपत्री ओढली आणि मी पाहतच राहिले. इतकी लहान? इतकी बुटकी? तू ज्या गाडीबद्दल सहा-सहा महिने बोलायचास, ती माझ्या कमरेलाही येत नव्हती. चौकोनी पाइपांचा सांगाडा, वर हिरवे पत्रे, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन, दोन माणसांपुरती जागा. छप्पर नाही, दार नाही. सांगाडा आणि सुटे भाग आणून माणसाने स्वतः जोडायची गाडी, हे तू मला समजावलं होतंस. पण "स्वतः" म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. एकही जोड असा नव्हता, ज्यावर तुझी कानस फिरलेली नाही.

तुमच्या ग्रुपमधला सिद्धार्थ चाकणहून शिफ्ट संपवून आला होता. कंपनीत क्वालिटीत आहे म्हणे. ताडमाड उंच, बोलायला मात्र हळू. मी त्याला विचारलं, "प्रत्येक नटावर ही पिवळी रेघ कसली?"

"कंपनीतली सवय आहे, ताई. नट पूर्ण आवळला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पेंटची एक रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. आणि आपल्या ग्रुपमध्ये चाकांसाठी आणखी एक नियम आहे. चालवणारा वेगळा, आवळणारा वेगळा. चालवणाऱ्याने स्वतःच्या चाकाला पाना लावायचा नाही."

"का?"

"आपण केलेलं काम आपल्याला बरोबरच वाटतं ना."

हे मला पटलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. माझ्या कुणी काढल्या नाहीत, त्या नव्हत्या म्हणून थोडंच?

"मग ही गाडी तुम्हीच का चालवत नाही? कुंड्या कशाला?" मी विचारलं.

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग सिद्धार्थ सरळ गाडीत शिरला. दिनू, काय ते दृश्य! गुडघे स्टिअरिंगच्या वर, हनुवटी गुडघ्यांवर. खुर्चीखाली अडकलेल्या उंटासारखा दिसत होता. बबनराव म्हणाले, "माझं तर इचारूच नका. माझं पोट आन् ते स्टेरिंग, दोघांचं जमत न्हाई."

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. सीट तू स्वतःच्या पाठीवर साचा घेऊन बनवलीस आणि पक्की बसवलीस. पेडलंही पक्की. पुढची आडवी पट्टी कापून पेडलं पुढे नेल्याशिवाय ग्रुपमधल्या कुणाचेही पाय त्या गाडीत मावत नाहीत. आणि कापायला कुणाचा हात धजावत नाही. म्हणजे एक तर गाडी कापायची, नाहीतर कुंड्या. आणि ठरवायचं मी!

सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं तुझं. गरजेप्रमाणे पुढे-मागे सरकवता येणार नाही असा एक तरी भाग तू कंपनीत पास होऊ दिला असतास का? मग इथेच का?

"आमी इचारलं व्हतं की," बबनराव म्हणाले. "तर म्हणला, बबन्या, गाडी शर्टावानी अंगाबरोबर पायजे. ढगळ शर्ट घालून कोण पळतंय का? आन् चालवायला मी हाय की."

मी हाय की! ऐकलंस, काय बोलून बसला होतास ते?

मी पर्स बबनरावांच्या हातात दिली. सिद्धार्थला म्हटलं, "बाजूला हो." पंजाबी ड्रेस घालून गेले होते, हे बरं. पाइपावरून पाय टाकला, आत घसरले आणि बसले.

पाय पेडलवर. अगदी बरोबर. ताणायला नको, दुमडायला नको.

आपल्या घरातले पाय, दिनू! कपाटाच्या वरच्या फळीसाठी दोघांनाही स्टूल लागायचं आणि आई म्हणायची, दोघांना एकाच गजाने मोजून घेतलंय. तुझ्या पाठीच्या साच्यात माझी पाठ बसली. मग बबनराव हळूच म्हणाले, "भाऊच बसल्यागत दिसतंय." आणि पर्स सावरत पुढे, "ताई, चालवताय का मग?"

सिद्धार्थ हसला. तो हसला नसता, तर कदाचित मी उतरलेही असते. मी म्हटलं, "सिद्धार्थ, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी पुणे-मुंबई रस्त्यावर गाडी चालवते आहे. रविवारी किती वाजता?"

तो रविवार म्हणजे आज.

चाकणच्या पुढचा तो मोकळा प्लॉट तुला सांगायला नको. कधीतरी तिथे कंपनी उभी राहणार आहे. तोवर मुरुमावर प्लॅस्टिकचे कोन मांडून तुमचा वळणावळणाचा रस्ता. एकेकाने जायचं, वेळ लावायची, परत यायचं. गाड्या टेम्पोवर चढवून आणलेल्या. हिंजवडीच्या आयटीतल्या मुली, चाकणचे फिटर, एक दातांचा डॉक्टर. कुणाच्या तरी डिकीत वडापाव. एकमेकांची आडनावं त्यांना ठाऊक नाहीत, पण कुणाचा क्लच कधी जळला ते सगळ्यांना पाठ! एका मुलाने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, तुमच्या मुलाची गाडी कोणती?"

"माझीच आहे ती हिरवी," मी म्हटलं. बिचाऱ्याचा वडा हातातच राहिला.

तुझं हेल्मेट घातलं. सिद्धार्थने पट्टे आवळले, "श्वास घ्या, ताई," म्हणाला. त्याच्या आधी मात्र माझी शोभा झाली. तू मला ओळखतोस. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघणारी बाई मी. गाडीत बसण्यापूर्वी सहज वाकून पुढच्या चाकाचा नट चाचपला, तर बबनराव पलीकडून ओरडले, "ओ ताई! हात काढा आधी!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. माझ्यावर असं कुणी ओरडल्याला किती वर्षं झाली असतील? मी हात काढला. "म्या आवळल्यात. रेघ बघा, आन् बसा," ते म्हणाले. मी रेघ बघितली आणि बसले. दिनू, गाडी चालवण्यापेक्षा ते कठीण होतं.

आता मुद्द्याची गोष्ट.

दुसऱ्या गिअरच्या वर मी गेले नाही. सायकलवाल्याने मागे टाकलं असतं. पण पहिल्या वळणाला समोर पाहिलं आणि मला ते दिसलं. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना चाकं. उघडी. डावं चाक खड्ड्यात उतरलं, चाकाला धरणारा, तू केलेला तो दांडा खाली गेला, चाक वर आलं, स्प्रिंग दबली, आणि माझ्या पाठीपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच पोचलं नाही! पुन्हा खड्डा, पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांसमोर चाक जमिनीशी बोलत होतं. कॉलेजात फिजिक्स शिकले मी. स्प्रिंगची समीकरणं फळ्यावर सोडवली. स्प्रिंग काम करताना मात्र आज पहिल्यांदा पाहिली, तीही तुझ्या हातची.

हे बघायचास का तू? मडगार्ड लावलं असतं तर हेच झाकलं गेलं असतं, असं सरळ का नाही सांगितलंस? की सांगून मला कळलं नसतं?

मी चाकाकडे बघत राहिले आणि एक कोन धाडकन उडवला. सुटायचा झेंडा दाखवणारा मुलगा हसून लोटपोट. परत आले, तर बबनराव डोळे पुसत उभे. रडत होते की हसत होते, देव जाणे. म्हणाले, "भाऊनं बी पहिल्या दिवशी असंच. चाकाकडं बघत बघत कोन उडवला."

हेल्मेट काढलं आणि सिद्धार्थला सांगितलं, "पट्टी कापा."

तो म्हणाला, "ताई, नक्की? तुम्हाला तर गाडी बरोबर बसते. तुम्हीच चालवा की."

"मला बसते म्हणूनच सांगते. मी गेल्यावर मग कुंड्या? कापा. पेडलं पुढे-मागे सरकतील अशी करा. तू चालव, त्या आयटीतल्या मुली चालवू देत, दाताचा डॉक्टर चालवू दे. बबनरावांच्या पोटाचं काय करायचं, ते त्यांनी बघावं."

"त्यो इलाज न्हाई," बबनराव म्हणाले.

पण एक अट घातली. पेडलांची जी नवी पट्टी होईल, तिला ओळीने छिद्रं पाडायची आणि सीटच्या सगळ्यांत जवळचं छिद्र आत्ता पेडलं आहेत त्याच जागी यायला हवं. केसभरही इकडे-तिकडे नाही. सिद्धार्थने खिशातून ते पिवळ्या पेंटचं पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी पुन्हा आत वाकले आणि पेडलांच्या बुडापासून सांगाड्यापर्यंत रेघ ओढली. जरा वाकडी आली. तू असतास तर पुसून परत ओढायला लावली असतीस.

तर तुझा शर्ट उसवला मी, दिनू. पण तुझं माप जपून ठेवलं आहे. राग आला असेल तर येऊ दे. चालवायला तूच राहायचं होतंस ना?

आणखी किती विचारायचं आहे! स्टिअरिंगच्या मागे सायकलची घंटी का लावली आहेस? कुणालाच सांगता येईना. आपल्या जुन्या सायकलची आहे का ती? मी वाजवून पाहिली, वाजते. उजव्या वळणाला गाडी जरा बाहेर का जाते? की ती मीच नेते? आणि तिसऱ्या गिअरमध्ये नेमकं काय होतं, की ज्याचं नाव काढलं तरी तुझा चेहरा बदलायचा?

हे शेवटचं मी स्वतः शोधून काढणार आहे. सराव असेल त्या प्रत्येक रविवारी पेडलं आधी आपल्या छिद्रात येतील आणि पहिला फेरा मी मारेन. मग गाडी बाकीच्यांची. पुढच्या खेपेला तिसरा गिअर टाकेन, त्या उजव्या वळणानंतर, सरळ रस्त्यावर. आणि चाकांच्या नटांना हात लावणार नाही. हे वचन सगळ्यांत जड आहे, एवढं समजून घे. रेघ तेवढी बघेन. ती दोनदा बघितलेली बबनरावांना चालते का, ते मात्र विचारायचं राहिलं.

तुझी,
ताई