माझी कात्री, मरोळचं कुलूप आणि हळदीचं बोट

मी, सुगंधा काशीराम घाडीगावकर, वय अंदाजे अडुसष्ट (नोंद कोणी ठेवली नाही, आई सांगायची, होळीला तीन दिवस होते), धंदा शिवणकाम, राहणार गावदेवी चाळ, खोली नंबर नऊ, जोगेश्वरी पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दरडावलेलं नाही. सून सुलक्षणाने फक्त चहा करून दिला आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं हृदय मोठं झालंय." मी म्हटलं, "ही बातमी तुम्हाला आत्ता कळली?" ते हसले, पण हसत हसत गोळ्या बऱ्याच लिहून दिल्या. म्हणून हा कागद. याआधी मी असा कागद केलेला नाही.

अक्षराला हसू नये. मी शाळेत गेले नाही. झंपरांचे नमुने कापायला जुनी वर्तमानपत्रं आणायची आणि कापता कापता अक्षरं लावायची, तेवढीच माझी शाळा. त्यामुळे पुष्कळ बातम्यांची सुरुवात मला ठाऊक आहे. शेवट कोणाच्या तरी बाहीत गेला.

कलम १. राहत्या खोलीचा भाडेहक्क सुलक्षणा आणि माझा मुलगा नंदू या दोघांच्या नावे करावा. सुलक्षणाचं नाव आधी लिहावं. नंदूला वाईट वाटलं तर त्याने आठवावं, नळाला पाणी येतं तेव्हा हंडा घेऊन कोण धावतं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही नंदूनेच करायची आहे, म्हणजे त्याला अगदीच काही दिलं नाही असं होणार नाही.

कलम २. तांब्याचा मोठा हंडा सुलक्षणाच्या आईला द्यावा. त्यांनी तो दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखं केलं. मला ऐकू आलं होतं. पोस्टात जे काही असेल त्यातून माझं कार्य साधेपणाने उरकावं आणि उरलेलं सुलक्षणाने स्वतःवर खर्च करावं. देवाला काही देऊ नये, त्याचं चाललंय बरं.

कलम ३. माझं पायमशीन, मोठी कात्री, अंगुस्तान आणि बॉबिनचा डबा आमच्याच चाळीतल्या खोली नंबर बारामधल्या विमलाला द्यावा. ती माझी कोणी लागत नाही. ती कोण आणि तिलाच का, हे लिहायला हवं, नाहीतर भाऊबंद म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आमचा नंदू घरी बसला, विमलाचा नवराही बसला. चाळीतल्या बायका मग मरोळला एका माळ्यावर शिवायला जाऊ लागल्या. मीही चार महिने गेले. तिथे खिडकी नव्हती. पंख्याने कापलेले तुकडे उडतात म्हणून पंखा लावायचा नाही. आणि बायका सारख्या बाहेर जातात म्हणून दाराला बाहेरून कुलूप. आम्ही शिवत होतो ते पालिकेच्या शाळांचे सदरे. गरिबांच्या मुलांना फुकट मिळतात ते.

आता आमच्याकडे लेकराच्या अंगावर नवं कापड कोरं घालत नाहीत. आतल्या बाजूला हळदीचं बोट लावायचं, मगच घालायचं. विमला घरून पुडीत हळद आणायची आणि दर डझनातल्या सगळ्यात वरच्या सदऱ्याला, खिशाच्या आत डाव्या कोपऱ्यात, बोट लावायची. मी विचारलं, "अगं, एकालाच?" तर म्हणते, "सगळ्यांना लावायला वेळ कुठे देतायत, मावशी? एकाला लावलं की बाकीचे अकरा त्याचे भाऊच."

एके दिवशी मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. आम्ही दार बडवलं. किल्ली मुकादमाकडे आणि मुकादम अंधेरीला जेवायला गेलेला. तो येईपर्यंत ती पोरगी बोटात सुई घेऊन मशीनला अडकून बसली होती. ते बोट आजही वाकत नाही. तरी तिची टीप माझ्यापेक्षा सरळ येते, म्हणून मशीन तिचं.

तो मुकादम म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ दत्ताराम. त्याचं पुढे लिहिते.

कलम ४. पलंगाखालची पत्र्याची पेटी, त्यातल्या सर्व अर्जांसह, विमलाला द्यावी. उघडल्यावर बोंबलाचा वास येईल, घाबरू नये.

त्या दिवशी मी कात्री पिशवीत टाकली आणि माळा सोडला तो थेट वॉर्ड ऑफिसात गेले. विमला पोटासाठी तिथेच शिवत राहिली, आणि हळदीचं बोटही लावत राहिली. माझं मागणं एवढंच होतं: बायकांना कोंडून शिवलेला माल पालिकेने घेऊ नये. साहेब म्हणाले, "आजी, कंत्राटदाराने कारखाना दाखवलाय. खिडक्या, पंखे, सगळं झकास आहे." मी म्हटलं, "आहे ना. तिथे फक्त शिवायला कोणी बसत नाही." अडीच वर्षं मी हेच बोलले. सह्या गोळा केल्या वेसाव्याच्या पुतळाबाईने. ती दारोदार मासळी विकते, त्यामुळे कुठलं दार तिला बंद नाही. टोपलीत मावरं, मावऱ्याखाली प्लास्टिकमध्ये अर्ज. बाबू लोक नाकाला रुमाल लावून वाचायचे, पण वाचायचे.

शेवटी पंच्याऐंशी साली खरेदी समितीने बोलावलं. कंत्राटदार आला होता (त्याचं नाव लिहून कागद बाटवत नाही), सोबत मुकादम म्हणून दत्ताराम. कंत्राटदार म्हणाला, "या बाईंचा घरगुती राग आहे. माझा माल कारखान्यातलाच. माळा कसला नि कुलूप कसलं?" मी एक घडी घातलेली चिठ्ठी अध्यक्षांच्या हातात दिली आणि म्हटलं, "साहेब, आता गोदामातून कुठलेही न उघडलेले गठ्ठे मागवा. ते उघडले की मग चिठ्ठी उघडा."

पाच गठ्ठे आले. कोणी हात लावेना. मागून पुतळाबाई ओरडली, "सायबा, मावरा घेताना कल्ला उघरून बगतंस ना? मंग खिसा पन उघरून बग!"

पाचही गठ्ठ्यांत, दर डझनातल्या वरच्या सदऱ्याच्या खिशात, डाव्या कोपऱ्यात, पिवळं बोट. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं. कंत्राटदार म्हणाला, "मशीनच्या तेलाचा डाग आहे तो, धुतला की जाईल." अध्यक्षांनी दत्तारामकडे पाहिलं. "मुकादम, हा डाग कसला?"

माझ्या आईने त्याच्या पहिल्या सदऱ्याला लावलेलं बोट मी पाहिलेलं आहे. तो सदरा मीच शिवला होता. दत्तारामने तो खिसा अंगठ्याने चोळला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, "डाग नाय, सायबानू. हळद ती. आमच्यात पोराक कोरा कापड घालनत नाय. माळ्यावरल्यो बायका लावतत." अध्यक्षांनी विचारलं, "कुठल्या माळ्यावरच्या?" त्याने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

ठेका गेला. नवीन अटीत आलं की माल जिथे जिथे शिवला जाईल ती प्रत्येक जागा लिहून द्यायची, आणि वॉर्डातल्या दोन माणसांनी न सांगता कधीही जाऊन पाहायची. ती दोन माणसं म्हणजे विमला आणि मी. आम्ही जातो, दार ढकलून बघतो, पंखा चालू करतो, बायकांनी दिलेला चहा पितो.

आता मुख्य गोष्ट. येत्या जूनमध्ये ठेका नव्याने निघेल. तोच गृहस्थ मेव्हण्याच्या नावाने परत आला आहे आणि "न सांगता" हे दोन शब्द अटीतून काढा म्हणून अर्ज केला आहे. ते दोन शब्द गेले की सगळं गेलं. आदल्या दिवशी कळलं तर पंखा काय, झुंबरसुद्धा लावतील. म्हणून माझी जागा एक दिवसही रिकामी राहू नये. समितीला विचारलं आहे, दुसरं नाव आताच द्या म्हणाले. ते नाव मी दत्ताराम सखाराम परब असं देते. मरोळमधले सगळे माळे आणि त्यांची मागची दारं त्याला पाठ आहेत. विमलाला आधी विचारलं. ती म्हणाली, "चालतील मामा. पण पुढे मी, मागे ते."

कलम ५. माळ्याचं ते पितळी कुलूप माझ्याकडे आहे. समितीची माणसं दार उघडून आत गेली, कुलूप मी पिशवीत टाकलं, कोणी मागितलंच नाही. कापड बेतताना वजन म्हणून फार चांगलं आहे. ते दत्तारामला द्यावं. किल्ली पालिकेकडे जमा आहे, तेव्हा ते पुन्हा कधी लागणार नाही.

विमलाच्या बोटासाठी मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तेव्हा तो चिडून म्हणाला होता, "माझ्या पोटार पाय देतंस गो बाय?" मी म्हटलं होतं, "तुझा पोट रवांदे, तिचा बोट बघ." ते मी आजही परत घेत नाही. पण खरं बोलून त्याने स्वतःचं काम घालवलं, हे मी आजवर तोंडाने कबूल केलं नाही. त्यानंतर तीन भाऊबिजा तो दाराशी आला. सुलक्षणाने ओवाळलं आणि मी आत रिकामं मशीन चालवत बसले. कापड नव्हतं खाली. हे येथे लेखी कबूल करते.

कलम ६. माझ्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं, म्हणजे ते दत्तारामनेच आणायचं. कुठे विणलं, कोणी विणलं, हे दुकानदाराला विचारून आणावं. उत्तर आलं नाही तर पुढच्या दुकानात जावं, मला घाई नसेल. लुगडं कोरं घालू नये. पदराच्या आत, डाव्या कोपऱ्यात, त्याने हळदीचं बोट लावावं. विधवेला हळद कशाला, असं कोणी कुजबुजलं तर सांगावं की बाईने खरेदी समितीकडून मंजूर करून घेतलंय.

कलम ७. हे सर्व पुतळाबाईला वाचून दाखवलं. वकील म्हणाले होते, साक्षीदाराला काही देऊ नका, म्हणून तिच्या नावाने कलम नाही. माझी छत्री तिने आधीच नेलेली आहे. ऐकून ती म्हणाली, "त्याला बोलवाला तू मरंपरत कनाला थांबतंस गो? जिती हायस तवर बोलव ना!" म्हणून दत्तारामला उद्या दुपारी जेवायला बोलावणं धाडलं आहे, सुरमई पुतळाबाई आणणार आहे. कुलूप मी उद्या स्वतःच्या हाताने त्याला दिलं, तर कलम ५ रद्द समजावं. बाकीची कलमं, विशेषतः सहावं, कायम.

ठिकाण: जोगेश्वरी पूर्व, मुंबई
तारीख: १२ डिसेंबर १९८७

सही, अंगठा नव्हे: सुगंधा काशीराम घाडीगावकर

आमच्यासमोर सही केली. करताना हसत होती.

साक्षीदार १: पुतळाबाई लहू भानजी, मासळी विक्री, वेसावे. निशाणी डाव्या अंगठ्याची.

साक्षीदार २: धोंडू गोविंद मेस्त्री, सुतार, खोली नंबर चार, गावदेवी चाळ.