पाण्यावर तरलेला शिंपला

९ जानेवारी १९८६, गुरुवार. मुलुंड.

निषेध. रंगाच्या दुकानदाराने फुकट दिलेल्या या रोजनिशीत रविवारला अर्धंच पान आहे. वर शनिवार, खाली रविवार, मध्ये एक रेघ. घरमालक आणि पोटभाडेकरू. सहा दिवस लोकांच्या तुंबलेल्या गटारांवर लिहिणाऱ्या उपनगर-वार्ताहराला स्वतःचा म्हणून एक वार मिळतो, त्यातही हा संकोच. अलंकारशास्त्र शिकलेल्या माणसाने हे निमूटपणे सोसावं? सोसावं. फुकट आहे.

अक्काची पाठ धरली. सकाळी भरलेली बादली मोरीतून ओट्याशी आणताना आत काहीतरी ‘कट्’ झालं म्हणाली. बाम चोळून आडवी झाली. आडव्यानेच: “बाळू, चहा गार होतोय तुझा.”

११ जानेवारी, शनिवार.

दोन रात्री कूस बदलता येत नाही. शेवटी घाटकोपरचे हाडांचे डॉ.

फोटो काढला, उजेडाच्या पेटीवर लावला. बावन्न वर्षं या बाईला बघतोय, आतून आज पहिल्यांदा. एकावर एक मणके, धुक्यातून वर जाणाऱ्या घाटाच्या पायऱ्या जशा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, अक्का तेराची. मला पाठुंगळीला घेऊन विहिरीवर जायची. म्हणजे मी बसायचो तो यावर. या एवढ्याशा गोष्टीवर. हात जोडावेसे वाटले, डॉ.समोर बरं दिसलं नसतं.

डॉ.: “हाड पांढरंशुभ्र दिसायला हवं. हे बघा, राखाडी. हाडं विरळ झाली आहेत. आणि हा मणका पुढून चेपलाय. आजी, उंची किती तुमची?”

“पाच फूट दोन. आणि आजी कोणाला म्हणता?”

मोजली. पाच फूट अर्धा इंच.

“पट्टी चुकीची लावलीय तुमची,” अक्का. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पट्टीवर अविश्वास दाखवायचा अधिकार आहे तिला.

येताना रिक्षात उमगलं. गेलं वर्षभर ती शिंप्याच्या नावाने बोटं मोडतेय, परकर लांब शिवतो म्हणून. शिंपी निर्दोष आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस नीट घेतल्या. आज शेजारच्या सावंतकाकू तिळगूळ घेऊन आल्या आणि बाटली बघून थबकल्या. “अगो अक्का, ह्या गोळ्यांत हाडांचा पीठ असता म्हणे! माझ्या झिलान सांगल्यान.” मुलाचं सांगणं म्हणजे काकूंना वेदवाक्य. काकूंच्या घरी बुधवारी सुरमई, शुक्रवारी कोलंबी, त्यांना स्वतःला त्या पिठाचं काही नव्हतं, काळजी अक्काच्या सोवळ्याची.

बाटलीचं झाकण लागलं ते लागलंच.

“एकसष्ट वर्षांत अंड्याचा केक तोंडाला लावला नाही मी. आता हाडं खाऊ?”

“अक्का, डॉ. म्हणाले दगडातला चुना असतो.”

“डॉक्टर बघून आलाय कारखाना?”

मी बाटली फडताळात ठेवली. तीळ मात्र तिने भरपूर खाल्ले. त्यातही चुना असतो म्हणे.

२१ जानेवारी, मंगळवार.

घाटकोपरच्या एका सोसायटीचं कार्यालयात पत्र: बाजूच्या आवारातला म्हातारा वैद्य शेणी जाळतो, धुराने वाळत घातलेले कपडे काळे होतात, आपल्या दैनिकाने वाचा फोडावी. फोडायला गेलो.

वैद्यबुवा पंच्याहत्तरीचे, उघडे, खांद्यावर पंचा. “धुराची तक्रार आणलीत की धुराची चौकशी?” म्हटलं दोन्ही. “मग बसा.” माझं संस्कृत उघडकीला आलं तेव्हापासून मी ‘पंडित’ झालो. चिडवून.

हातावर एक शिंपला ठेवला. मोत्याचा. पाठ काळी, खरखरीत, करपलेली भाकरीच. उलटा केला. आतून—

लिहायला बसलोय तर विशेषणं पळाली. पांढरा नव्हे. गुलाबी म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणेपर्यंत तोही गेलेला. अंगात एकही हाड नसलेला एक मऊ लिबलिबीत जीव समुद्राच्या तळाशी, अंधारात बसून, थरावर थर देत हे बांधतो. कोणी बघणार नाही अशा जागी. आमच्या महापालिकेचे कंत्राटदार डोळ्यांसमोर आले.

वै. बु. हे जाळतात. काळी पाठ खरवडून काढायची, तुकडे पुरचुंडीत बांधून आंबट ताकात टांगून उकळायचे, कुटायचे, कोरफडीच्या रसात खलायचे, चकत्या वाळवायच्या. मग दोन परळांच्या, म्हणजे मातीच्या पसरट ताटल्यांच्या, पोटात ठेवून वरून कापडमाती लिंपायची आणि शेणींच्या खड्ड्यात आग.

“कधी उघडणार?”

“आपल्या मनाने गार होईल तेव्हा. उद्या या. घाई केली की वाट लागली, पंडित.” शेवटचे शब्द नातवाकडून शिकलेले असावेत.

२२ जानेवारी, बुधवार.

परळ फोडले. आत चकत्या, पांढऱ्या, बोट लावताच खचणाऱ्या. वै. बुं.नी चिमूट माझ्या बोटांवर चोळली: कातडीच्या रेषांत जाऊन बसली, झटकली तरी निघेना. “रेखापूर्ण,” मी पुटपुटलो. शब्द पाठशाळेत पाठ केलेला, वस्तू आज भेटली. चाळीस वर्षांचं अंतर.

मग पितळी वाटीत पाणी. पाणी हलायचं थांबू दिलं. वरून चिमूट भुरभुरली. तरंगलं. काल ज्याचा तुकडा माझ्या हातून पाण्यात पडला असता तर दगडासारखा बुडाला असता, तेच. आणि त्या तरंगत्या सायीवर वै. बुं.नी तांदळाचा एक दाणा ठेवला. अलगद, निजलेल्या पोराला उतरवावं तसा.

दाणाही तरला.

किती वेळ वाकून बघत होतो कोण जाणे. मान आखडली.

अक्काचं सांगितलं. वै. बु.: “हाडाला चुना लागतो, यात चुना आहे. एवढंच मी म्हणतो. गेलेली उंची परत देतो म्हणणारा वैद्य भेटला तर त्याची बातमी छापा. आणि आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.” भस्माची एक पुडी बांधून दिली.

२४ जानेवारी, शुक्रवार.

डॉ. हसले, मग पुडी हुंगली. “शिंपला काय, माझी गोळी काय, हाडाला दोन्ही चुनाच. बाई गोळी घेत नसतील तर हे घेऊ द्या. दुसरं काही मिसळलेलं नाही ना, ते बघा. पण नुसत्या चुन्याने भिंत उभी राहत नाही. दूध, नाचणी, सकाळचं ऊन, रोज चालणं. आणि बादली बंद.”

घरी: “अक्का, भस्म आणलंय, वैद्याकडचं.”

“भस्म?” पुडी आधी कपाळाला लावली, मग मधात कालवून घेतली. कशाचं ते विचारलं नाही. मी खोटं बोललो नाही. फक्त प्राणिशास्त्र टाळलं.

बादली आता मी उचलतो. सोळा खेपा. चाळीस वर्षं घरात पाणी भरलेलं असायचं, ते आपोआप भरतं अशी माझी समजूत होती बहुतेक.

२ फेब्रुवारी, रविवार.

अर्धं पान, म्हणून थोडक्यात: गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. उन्हात. मी मागे दहा पावलं, जणू योगायोगाने. “पोलिसासारखा येऊ नकोस रे मागे.” भस्म चालू. दुखणं निम्म्यावर. भस्माने की पडून राहिल्याने, देव जाणे. डॉ. म्हणतात पडून राहिल्याने. वै. बुं.नाही तसंच वाटतं.

१६ फेब्रुवारी, रविवार.

माझा लेख आला. ‘धुरामागचं भस्म’. धुराची तक्रार दोन ओळींत उरकली, पुढे पाऊण रकाना शिंपला. गटाराला पंधरा ओळी देणाऱ्या उपसंपादकाने एक शब्द कापला नाही. बाहेर चहा प्यायला गेलो ते लोक वाचताहेत का, हे बघायला. कोणी वाचत नव्हतं.

घरी एक व्यक्ती वाचत होती. छापून आलेलं माझं प्रत्येक अक्षर अक्का लाल पेन्सिल घेऊन वाचते. तेवीस वर्षांचा नेम. आणि लेख लिहिताना मला हे एकदाही आठवलं नाही! विद्वत्तेचा मद, दुसरं काय.

जेवायला बसलो. ताटाशेजारी पेपर. ‘आतला मृदू जीव’ या शब्दांभोवती लाल वर्तुळ.

पुडी घेतली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

तिसरा दिवस. गोळी नाही, भस्म नाही. काल म्हणाली, “सावंतकाकूंनी निदान तोंडावर सांगितलं.”

आज सहाला घरी आलो तर कुलूप. सावंतकाकू दारात. “अक्का? ती गेली मगाशी घाटकोपराक. बस धरून. मिया सांगतय, नको जाऊ, आयकता खंय?”

बस. तो रस्ता. त्यातल्या एकूण एक खड्ड्यावर मी लिहिलंय. प्रत्येक खड्ड्याशी तो चेपलेला मणका डोळ्यांसमोर आला, पेटीवर लावलेला. स्टॉपवर उभा राहिलो. चार बस गेल्या. एकही देव आठवला नाही, स्तोत्रं शेकड्याने पाठ असून. नुसतं ‘अक्का, अक्का’.

पाचव्या बसमधून उतरली. दांडा धरून, सावकाश.

“असा काय उभा राहिलायस? चेहरा बघ स्वतःचा.”

“सांगून जायचं होतंस.”

“तू सांगून दिलंस?”

घरी येऊन पाणी प्यायली, मग सांगितलं. वै. बुं.ना सरळ विचारलं, जीव मारून आणता का. ते म्हणाले: मी मारत नाही, मोती काढणाऱ्यांनी फोडून टाकलेले शिंपले विकत घेतो, पण जीव होता, हे खरं. नाही म्हणणार नाही. मग वाटीत पाणी घेऊन तिलाही दाखवलं. दाणा तिने स्वतःच्या हाताने ठेवला.

“तरला?”

“तरला.” भांडं खाली ठेवून, “रडू आलं रे मला. का ते कळलं नाही.”

मग उठून कपाटातून नथ काढली, आईची. सणाला घालते ती. दिव्याखाली धरली. “हे सात मोती. काढताना त्यांच्या शिंपल्यातल्या जिवांना कोणी वाचवलं होतं? आणि मी ही घालून देवासमोर उभी राहते, हळदीकुंकवाला मिरवते. तेव्हा नाही आठवला जीव.” नथ ठेवून दिली. “सोयीचं सोवळं होतं माझं. असू दे. मध आण.”

घेतली. आधी शिंपल्यातल्या जिवाला हात जोडले.

“आणि बाळू, पुन्हा मला न सांगता काही खाऊ घातलंस ना, तर बघ.”

६ मार्च, गुरुवार.

रोज सकाळी सव्वासातला दूधकेंद्रापर्यंत. पुडी, नाचणीची आंबील, दूध. परकर दीड इंच वर दुमडून शिवून घेतले, स्वतःच. शिंप्याकडे जाऊन त्याला काही म्हणाली असावी. आज रस्त्यात त्याने तिला वाकून नमस्कार केला.

हातावर ठेवलेला तो पहिला शिंपला अजून माझ्याकडे आहे, वै. बुं.नी दिलेला. खिडकीत ठेवलाय. अक्का येताजाता कलता करून रंग बघते. मी बघतोय हे दिसलं की धूळ पुसायला लागते.

१५ एप्रिल, मंगळवार.

डॉ.कडे. दुखणं गेलं, चालणं उत्तम. हाड भरलं का? “इतक्यात फोटोत काही कळत नाही. दिवाळीनंतर बघू. आणखी झडलं नाही तरी जिंकलो म्हणा.” अक्का कपडे ठीक करायला आत गेली तेव्हा मी विचारलं, धोका टळला ना. म्हणाले, “असा दुसरा मणका वाकून पिशवी उचलताना चेपतो. कधी नुसत्या शिंकेने.”

तिला सांगितलं नाही, मग तिची ताकीद आठवली, आणि रिक्षात सगळं सांगितलं. “बरं,” म्हणाली. बाहेर बघत होती. “म्हणजे शिंकायचं पण तुला विचारून का आता?”

हसलो दोघं.

ती आता झोपली आहे, कुशीवर. श्वास ऐकू येतोय. अंधारात, आत, एकेक थर चढत असेल किंवा झडत असेल. दोन्हींचा आवाज येत नाही.

सरळच लिहितो. सकाळी नऊला मी निघतो, संध्याकाळी सहाला येतो. मला भीती वाटते की दुसरा मणका या नऊ तासांत चेपेल, आणि ती मी येईपर्यंत तशीच पडून राहील, कोणाला हाक न मारता.