सोमवारचा सहाचा खेळ

प्रिय शेंडेफळ,

फोन बंद केला की आपल्यापर्यंत कुणी पोचत नाही, असं तुला वाटत असेल तर तू आपल्या आईला अजून ओळखलेलं नाहीस. तुझ्या मैत्रिणीला तिने फोनवर असं धरून ठेवलं, की शेवटी त्या बिचारीने तुझा पत्ता सांगून आपली सुटका करून घेतली. म्हणून हे पत्र. उभ्याउभ्या वाचू नकोस, आधी बस. बसलीस? मग ऐक. तुझा सिनेमा चालला. चालला कसला, धावतोय. आज दुसरा शुक्रवार. सहाचा खेळ आत्ताच सुरू झालाय. मोठ्या हॉलच्या दाराशी मी माझ्या हाताने हाऊसफुल्लची पाटी लावली आणि ऑफिसात येऊन तुला लिहायला बसले. ती पाटी शोधताना आमच्या नाकी नऊ आले. इतक्या वर्षांत तिची गरजच पडली नव्हती ना. शेवटी सापडली कुठे, तर पॉपकॉर्नच्या यंत्राखाली. यंत्र डुगडुगतं म्हणून कुणीतरी खाली सरकवून दिली होती. आईने ती घासूनपुसून लखलखीत केली, आणि आता यंत्र डुगडुगतंय. डुगडुगू दे.

पहिल्या शुक्रवारचं तुझ्या कानावर गेलंच. तेवढंच गेलं आणि तू दार लावून बसलीस. पडला होता, खोटं कशाला बोलू? सपशेल पडला होता. वितरकाकडून जो माणूस येतो ना, ज्याला आपण लहानपणी घाईकाका म्हणायचो, तो अजूनही चहा उभ्यानेच पितो. त्याने येऊन सांगितलं की गोष्ट सोळा वर्षांच्या मुलींची, म्हणजे मुलांचा सिनेमा, म्हणजे सकाळी अकरा आणि दुपारी दोन, छोटा हॉल. मी मान डोलावली आणि बाहेर वेळा लिहून टाकल्या. सोळा वर्षांची मुलं त्या वेळी शाळेत असतात, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. सगळ्याच गावांमध्ये हाच घोळ. मग काय, अकराच्या खेळाला आले कोण, तर नातवंडांना घेऊन आजी-आजोबा. मुलांचा सिनेमा म्हणून आणलेली ती पाच-सहा वर्षांची पोरं सिनेमातल्या शहराचा पहिला भोंगा वाजल्याबरोबर जी रडायला लागली, की आजोबा एकेकाला काखोटीला मारून बाहेर. शेवटपर्यंत बसली ती एकटी आपली आई. आणि ती बाहेर आली ती फणफणतच. म्हणे, सिनेमातली आई म्हणजे मीच, आणि मला पहिल्या दहा मिनिटांत मारून टाकलं, निदान मध्यंतरापर्यंत तरी ठेवायचं होतं. अजून ती येईल त्याला हेच सांगते, पण तेही अशा ऐटीत, की समोरच्याला वाटावं मोठाच मान मिळालाय हिला.

शनिवारी तेच, रविवारी थोडं बरं. पेपरात ते 'गल्ला रिकामा' असं आलं ते मी वाचलं आणि कागद चुरगळून फेकून दिला. रविवारी संध्याकाळी तुझा निरोप आला. 'ताई, हरले. आता दुसरा भाग होणार नाही, आणि मी लिहिणारही नाही. तिला बाहेर काढायचं राहूनच गेलं. मला माफ कर.' त्यानंतर तुझा फोन बंद. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. कुणाला बाहेर काढायचं, आणि माफी माझी का, काही कळेना. कळणार कसं? ज्यावरून हा सिनेमा निघाला ते तुझं पुस्तक चार वर्षं माझ्या उशाशी आहे आणि मी त्याच्या पहिल्या प्रकरणापलीकडे गेलेली नाही. मला पडद्यावर माणसं हलली तरच गोष्ट कळते, हे तुला ठाऊक आहे. पण तू लिहिणार नाहीस, एवढं मात्र कळलं. तू आठ वर्षांची असल्यापासून तिकिटांच्या पाठीवर गोष्टी लिहितेस. त्यापायी बाबांचा किती मार खाल्लास, पण थांबली नाहीस. आणि आता एका शुक्रवारमुळे थांबणार?

सोमवारी सकाळी मी घाईकाकांना फोन करून सांगितलं, आजपासून तुमचा सिनेमा सहाला, मोठ्या हॉलमध्ये. तिथे त्या मोठ्या नटाचा मारधाडीचा सिनेमा लागला होता. बऱ्यापैकी चालतही होता. घाईकाका आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसले असावेत, फोनवर खुर्चीचा आवाज आला. म्हणाले, बाई, चालता सिनेमा उतरवून पडलेला चढवतेस, डोकं ठिकाणावर आहे ना? नव्हतंच. माझ्यापाशी ना काही हिशेब होता ना कसला अंदाज. त्यात धंद्याचं डोकं मुळीच नव्हतं, निव्वळ बहिणीचं डोकं होतं. मला एवढंच वाटत होतं, की उतरायचाच असेल तर हा सिनेमा आपल्या बाबांच्या मोठ्या पडद्यावरून उतरू दे, गोदामातून काढलेल्या त्या छोट्या हॉलमधून नको.

आणि सहाला पोरं आली. शाळा सुटून, पाठीवर दप्तरं तशीच घेऊन. पहिल्या दिवशी अर्धा हॉल. मंगळवारी वरची बाल्कनी उघडावी लागली. दारावरचे काका म्हणाले, अहो, ही कालचीच पोरं आहेत, फक्त प्रत्येकाने आणखी दोघांना ओढून आणलंय. बुधवारी एका मुलीने एक गंमत केली. सिनेमातल्या तुझ्या त्या शहरात सोळावं लागलं की मनगटावर पट्टा चढवतात ना, ज्याने त्याने जन्मभर काय काम करायचं ते ठरवणारा, तसं तिने आपलं तिकीट मनगटाला गुंडाळलं. आणि धाकटी बहीण पट्टा तोडते त्या क्षणी हिनेही ते टरकावलं. झालं. गुरुवारी अख्ख्या हॉलने केलं. अगं, काय आवाज येतो तो! इतक्या मनगटांवरचा कागद एकदम फाटतो, आणि मग टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. झाडणाऱ्या मावशी मात्र वैतागल्यात. दर खेळानंतर ढीगभर कपटे. तुमच्या बहिणीला सांगा, म्हणाल्या, पुढच्या भागात पोरांना काहीतरी न फाटणारं द्या म्हणावं. ऐकलंस? पुढचा भाग त्यांनी गृहीतच धरलाय.

मग चक्रं फिरली. शेजारच्या गावाच्या थिएटरवाल्याचा फोन आला, तुमच्याकडे गर्दी कशी? मी म्हटलं, सहाला लावा. त्याने पुढच्याला सांगितलं. गुरुवारपर्यंत घाईकाकांच्या ऑफिसने सगळीकडच्याच वेळा बदलल्या, आणि आता ही कल्पना मुळात त्यांचीच होती असं ते सांगत फिरतात. फिरू देत बापडे. आज सकाळी ते स्वतः आले, पेढीवरचा कागद नाचवत. पहिल्या शुक्रवारी जेवढा गल्ला झाला होता त्याच्या नऊपट आजच्या नुसत्या आगाऊ तिकिटांचा. या धंद्यात दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा उतरतो, सगळ्यांचाच उतरतो. बाबांच्या काळापासून चढलेला मी बघितला नव्हता. तो मी बघितला, आणि कुणाचा, तर आपल्या घरातल्या नकट्या, हट्टी, रडक्या पोरीचा! मी त्या माणसासमोर ओक्साबोक्शी रडले. तेही रडले असते, पण त्यांना घाई होती. पेपरवाले आता उलटं लिहितायत. निर्मात्यांनी दुसऱ्या भागाची घोषणा तयार ठेवलीये, फक्त लेखिका सापडत नाही म्हणून अडलीये. काल त्यांचा माणूस इथे येऊन गेला. मी पत्ता दिला नाही. म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ दे.

कारण मधल्या काळात मी तो सिनेमा नीट पाहिला. आठवडाभर नुसतं दारातून डोकावत होते, काल मात्र बाल्कनीत जाऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले. त्या शहराच्या फाटकाबाहेर जायचा परवाना एकच, आणि दोघी बहिणी तो एकमेकींच्या खिशात कोंबतात. तू जा, नाही तूच जा. शेवटी थोरली तो धाकटीच्या हातात दाबते आणि तिला ढकलून देते. धाकटी बाहेर पळते, मागे वळून बघते, तर जाळीच्या फाटकाआड थोरली उभी. ओठ घट्ट मिटलेले, मूठ आवळलेली. त्या मुठीवर पडदा अंधारतो. सगळा हॉल हुंदके देत होता. आणि मी, अगं, मी हसत होते. आधी तोंड दाबून, मग मोकळ्याने. दारावरचे काका घाबरून वर आले, त्यांना वाटलं मला काही झालं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तर वळून असं बघितलं माझ्याकडे, जणू त्या शहराची सगळी भोंगेवाली माणसं मीच नेमली असावीत.

तेव्हा मला तुझा निरोप कळला. इतक्या वर्षांचं बाकीचंही कळलं. तू घरी येतेस ती दोन दिवसांसाठी, माझ्यासाठी महागाचं काहीतरी घेऊन, आणि माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता परत जातेस. या हॉलमध्ये तर पाऊलच टाकत नाहीस. मला वाटायचं, मोठी लेखिका झाली, आता आपलं जुनाट थिएटर तिला किरकोळ वाटतं. रागही यायचा. वेडे, तू मला आत अडकवून गेलीस असं समजत होतीस होय? बाबा आजारी पडले, दोघींपैकी एकीने थांबायला हवं होतं, ताईने आपलं शिक्षण सोडलं आणि मला पाठवलं, हेच ना? आत्याही तेच म्हणायच्या. बिचारी थोरली. मी सांगायचे, अहो, मला हे आवडतं, तर म्हणायच्या, बघा किती समजूतदार आहे. मग मी सांगायचं सोडून दिलं.

तर आता तुला सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहिलंय. गल्ल्याचा हिशेब काय, तो पेपरातही आला असता. मला तो हॉल हवा होता. नऊ वर्षांची असल्यापासून, प्रोजेक्टरच्या भोकातून खालची डोकी बघायचे तेव्हापासून हवा होता. तू जायच्या आदल्या दिवशी मोठ्या मनाने म्हणालीस ना, ताई, तू जा शिकायला, मी थांबते हॉलवर? तेव्हा माझं धाबं दणाणलं होतं. म्हणून तुला तशी ढकलून बसमध्ये बसवली. आणि मी आपल्या थिएटरच्या जाळीच्या दाराआड उभी होते, ओठ मिटून, कारण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं आणि निरोपाच्या वेळी हसणं बरं दिसत नाही. मूठ आवळली होती कारण त्याच सकाळी बाबांनी माझ्या हातात हॉलच्या किल्ल्या दिल्या होत्या. म्हणाले होते, आता तू बघ. माझा फ्रॉक, माझी रंगपेटी, खिडकीजवळची माझी जागा, माझ्या हातात जे दिसेल ते तुला हवं असायचं. किल्ल्या दिसल्या असत्या तर तू बसमधून उतरली असतीस! बस वळणाआड गेल्यावरच मी मूठ उघडली. त्यांचे वळ उमटले होते तळव्यावर. मग आत गेले, सगळे दिवे लावले, आणि रिकाम्या हॉलच्या मधोमध बसून पोटभर हसले आणि रडले. तेवढी सुखी मी पुन्हा कधी झाले असेन, तर ती आज, पाटी लावताना. म्हणून तिला बाहेर काढत बसू नकोस, शेंडेफळा. दुसरा भाग तिथूनच सुरू कर, तिला मूठ उघडू दे. आणि लिहायला इथे ये. बाल्कनीतल्या मधल्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाहीये. ऐक, तुला इथून ऐकू येणार नाही, पण भिंतीपलीकडे आत्ता पोरं तिकिटं फाडतायत.

किल्ल्या अजूनही कुणाला न देणारी, तुझीच,
ताई