माझा अंगठा न ओळखणारं दार

चि. हितेंद्र, पुण्याहून तुझ्या आईचा आशीर्वाद.

मुक्ताईनगरच्या स्टँडवर मला एसटीत बसवलंस आणि माझी पिशवी चुकून हातात तशीच घेऊन घरी परतलास, ती सापडली का? लिहितेय तुझी लेक रूपाली, बोलतेय मी.

मी मजेत आहे. फक्त काल कोथिंबीर घेऊन आले तर दारानं मला आत घेतलं नाही. इथल्या कुलपाला किल्ली नाही, अंगठा लागतो. कपाशी वेचून माझा गुळगुळीत झालेला. जन्मभर बँकेत सही म्हणून चालला, दाराला चालेना! रूपाली कामावरून येईपर्यंत जिन्यात बसले. समोरच्या बाईनं दारावरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, पण दार उघडलं नाही.

इथं असं कुलूप लागतंच, शेजाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पण तसलंच तू गावच्या घराला बसवतोयस म्हणे! अरे, समोरच्या ओट्यावर सुमनबाई बसते. नवख्याला ती आजोळापर्यंत विचारते. कॅमेरा लावायचाच तर विहिरीवर लाव, मोटारीची केबल चोरीला जाते ती तिथून. माझ्या दाराला हात लावायचा नाही. रूपाली म्हणते, जरा गोड लिहू. मी म्हटलं, असंच लिही.

गुडघा बरा आहे. केळी कापून झाली का?

तुझी आई
(खाली अंगठा दिलाय, तू तरी ओळख.)

ता. क. ज्वारीच्या पापडांचे, आपले बिबडे पाठव. सुमनबाईनंच केलेले, आपल्याच गच्चीवर वाळवलेले. ते उलटायला तिला दुपारी आपल्या घरातूनच वर जावं लागतं. बिबडे आले की समजेन, दार उघडं आहे.