शेवटचं विवरणपत्र कोणी भरायचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बॅगा व चेनी दुरुस्तीचा, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही, असं वकिलीणबाई म्हणाल्या.

१. पुढचं दुकान, मागची राहती खोली आणि चालता धंदा माझ्या पुतणीला मिळावा. ही धाकट्या दिरांची मुलगी. सुट्टीत चार दिवस म्हणून आली ती मशीनवरून उठलीच नाही. जागा यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केलेली आहे. तरी भाऊजींचं पालुपद एकच, की दुकान दादाचं, म्हणजे घराण्याचं, ते विकून टाकावं. माझ्यामागे ते दावा लावतील आणि बाप-लेक कोर्टात समोरासमोर उभे राहतील, एवढी एकच भीती मला आहे. म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

२. यजमान गेल्यावर बंद शटर मी उघडलं आणि त्या वर्षापासून धंद्याच्या कराचं विवरणपत्र माझं मी भरते. भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, कुणाला तरी चार पैसे देऊन भरून घ्या. तुम्हाला काय झेपणार?" मी हट्टाने बसले. ‘मालक’ या शब्दापुढे स्वतःचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. पुढे प्रश्न होता, वर्षभरात काय काम केलंत? इतक्या आदराने मला तोवर कुणीच काही विचारलं नव्हतं.

भरताना घोटाळा झालाच. शेजारपाजारच्यांची फुकट करून दिलेली कामंही मी पूर्ण भावाने उत्पन्नात धरली. कर कार्यालयातल्या बाईंनी बोलावून घेतलं.

"अहो ताई, जे पैसे मिळालेच नाहीत त्यांच्यावर कर भरलात?"

"पण काम तर झालं होतं ना?"

त्या पोट धरून हसल्या आणि मग त्यांनीच सगळं नीट करून दिलं. जास्तीचा कर घरी परत आला. सरकारचा केवढा तो कारभार, त्यात पूल, रस्ते, दवाखाने, आणि तेवढ्यातून कुणीतरी माझ्या चेनींची बेरीज तपासली होती! आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

३. विवरणपत्राच्या दिवशी दुकान बंद ठेवावं. पंखा बंद करून पावत्या महिन्यांप्रमाणे दारापासून ओट्यापर्यंत जमिनीवर मांडाव्यात. त्यांना पसारा म्हणू नये, ओलांडू नये. भिंतीच्या कडेने जावं. मधोमध बसून बघितलं की आपण वर्षभर जगलो ते दिसतं. मला तरी देवळात इतकं शांत वाटत नाही.

४. बारीक पकड समोरच्या घड्याळवाल्याला द्यावी. कायमची उसनी नेतो, आता हक्काने न्यावी. निळी सूटकेस नणंदबाईंना द्यावी. त्यांनीच मला दिली होती, चाकांशिवाय. चाकं मी बसवली आहेत, हे त्यांना आवर्जून सांगावं.

५. माणूस गेलं तरी त्या वर्षाचं त्याचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं, हे मला यंदा कळलं. मी थक्क झाले. सगळे रडून घरी गेल्यावरही कुणीतरी विचारणार, बाईंनी शेवटपर्यंत काय काम केलं? ते उत्तर पुतणीनेच लिहावं. तो कर व माझा अंत्यविधी यांचा खर्च बँकेतल्या शिलकीतून करावा आणि उरेल ते तिने ठेवावं.

६. काल मी आणि पुतणी पावत्या मांडून बसलो होतो तेव्हा भाऊजी भांडायच्या तयारीनेच आले. उंबऱ्यातच थांबले, कारण पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे सगळं एका वर्षाचं?"

"हो बाबा. कडेने या," ती म्हणाली.

चपला काढून, भिंतीला पाठ घासत ते आले आणि खाली बसले. बोट ठेवतील त्या पावतीचं काम पोरगी सांगत गेली, कुणाची बॅग, काय तुटलं होतं, कसं सांधलं. ते ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यानंतर हे कोण भरणार?"

उत्तर तिनेच दिलं. "शेवटच्या दिवसापर्यंतचं काकूच्या नावाने भरेन, बाबा. दुसऱ्या दिवसापासूनचं माझ्या."

भाऊजींनी पावतीवरचं बोट उचललं. मग त्यांनी विचारलं, "साक्षीदार मिळाले का?"

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणाले. आज संध्याकाळी येतो म्हणून गेले आहेत. आले तर खाली सही दिसेल.

ठिकाण: दुकान, शटर अर्धं वर.
तारीख: यंदाचं विवरणपत्र भरल्याचा दुसरा दिवस.

लिहून ठेवणारी: (सही) दुकानाची मालक

आम्हां दोघांसमोर बाईंनी वाचून, समजून सही केली.

साक्षीदार: (सही) कोपऱ्यावरची औषधवाली
साक्षीदार: (सही) धाकटा दीर, मुलीचा बाप